उसन्या तलवारीचे व्याज

कोठीच्या महिला महाविद्यालयाची इमारत आमच्यापैकी बहुतेकांच्या परिचयाची आहे. आमच्या समाजातील दोन-तीन पिढ्यांच्या मुली या वास्तूत शिकून बाहेर पडल्या. आता त्या संस्थेचे विद्यापीठ झाले असून तिला चाकली ऐलम्मा यांचे नाव लाभले आहे. समोरचे उंच खांब, रुंद पायऱ्या आणि पायऱ्यांच्या दोन्ही अंगांस बसलेले सिंह आम्ही येता-जाता पाहतो; परंतु ही वास्तू मुळात कोणासाठी आणि कोणाच्या पैशाने उभी राहिली, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. ती उभी राहिली इंग्रजांच्या वकिलासाठी, म्हणजे रेसिडेंटसाठी, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. आणि तिचा खर्च सोसला हैदराबादच्या निजामाने. पाहुण्याने यजमानाच्या अंगणात, यजमानाच्याच पैशाने आपला महाल बांधावा, असा हा प्रकार. यास त्या काळी 'मैत्री' हेच नाव होते.

या मैत्रीची आज आठवण होण्यास कारण घडले ते दूरदेशीच्या वार्तांचे. अटलांटिक महासागराच्या दोन तीरांवरील मित्रराष्ट्रांत जी कुरबूर चालली आहे, तिच्या बातम्या आम्ही सर्वजण वाचतो. आमच्या कित्येक घरांतील एक मुलगा जर्मनीत, तर एक मुलगी अमेरिकेत आहे. रविवारी फोनवर क्षेमकुशल झाले की विषय तिकडे वळतो. अमेरिका युरोपच्या पाठीशी उभी राहील काय, आणि न राहिल्यास युरोपाने काय करावे, हा प्रश्न मुले आम्हांस विचारतात. राजकारणातील अधिकारी पुरुष आम्ही नव्हेत. परंतु बलवान मित्राच्या भरवशावर राहणे म्हणजे काय, याचा दीडशे वर्षांचा हिशेब ज्या शहराच्या दप्तरात आहे, त्या शहराचे आम्ही रहिवासी आहोत. तो हिशेब वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

तिघांची दोस्ती

सन १७९० मध्ये म्हैसूरच्या टिपू सुलतानाविरुद्ध पुण्याचे पेशवे, हैदराबादचे निजाम अली खान आणि इंग्रज कंपनी यांनी युती केली. पुण्याचा करार जूनमध्ये आणि निजामाचा जुलैमध्ये झाला. कंपनीच्या वतीने सूत्रे लॉर्ड कॉर्नवॉलिस यांच्या हाती होती; पुण्याकडून हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन मोहिमेवर निघाले. मार्च १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणास तह होऊन टिपूने निम्मे राज्य सोडले, तीन कोटी तीस लक्ष रुपये देण्याचे मान्य केले आणि आपले दोन मुलगे ओलीस दिले. तिघा दोस्तांनी मुलूख वाटून घेतला. यश मोठे होते. आणि यशाच्या दिवशी कोणत्याही युतीतील भेगा दिसत नाहीत.

भेग होती ती पुणे आणि हैदराबाद यांच्यामध्ये. चौथाईची थकबाकी कित्येक वर्षांची साचली होती. पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे हैदराबादेत बसून तगादा करीत, आणि निजामाचे दिवाण मुशीर-उल्-मुल्क त्यांस उडवाउडवीची उत्तरे देत. हैदराबादच्या दरबाराचा समज असा की, टिपूविरुद्ध आपण इंग्रजांच्या खांद्यास खांदा लावून लढलो. तेव्हा वेळ पडल्यास इंग्रज आपल्या खांद्यास खांदा लावतील. हा समज कागदावर कोठेही लिहिलेला नव्हता. करारातील परस्पर साहाय्याचे कलम टिपूपुरते होते. एका दोस्ताने दुसऱ्या दोस्तावर शस्त्र धरले तर तिसऱ्याने काय करावे, यावर करार मूक होता.

सन १७९५ उजाडले तेव्हा कॉर्नवॉलिस मायदेशी गेले होते आणि त्यांच्या जागी सर जॉन शोअर आले होते. त्यांनी करार शांतपणे वाचला आणि सांगितले की या भांडणात पडण्यास आम्ही बांधलेले नाही. इंग्रजांच्या दोन पलटणी हैदराबादच्या चाकरीत होत्या. त्यासुद्धा मराठ्यांविरुद्ध वापरता येणार नाहीत असे ठरले. ११ मार्च १७९५ रोजी खर्डा येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात, दोन्ही फौजांची गाठ पडली. रक्तपात फारसा झाला नाही. निजामाच्या पदरी असलेल्या रेमंड नामक फ्रेंच सेनानीच्या कवायती पलटणी धीराने उभ्या राहिल्या. परंतु रात्री निजामाच्या छावणीत घबराट झाली आणि निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला. अन्नपाण्याची कोंडी होताच त्याने तह केला. दौलताबादच्या किल्ल्यासह मोठा मुलूख आणि सुमारे तीन कोटींची रक्कम पुण्यास कबूल झाली. स्वतः मुशीर-उल्-मुल्क ओलीस म्हणून पुण्यास गेले.

खर्ड्याची ही कथा आम्ही लहानपणी घरी ऐकली ती विजयाची कथा म्हणून. सर्व मराठे सरदार भगव्या झेंड्याखाली एकत्र आल्याचा तो शेवटचा प्रसंग, हे सांगताना वडीलधाऱ्यांचा आवाज भरून येई. तथापि हैदराबादेत वाढलेल्या मराठी माणसास या कथेची दुसरी बाजूही ठाऊक असते. निजामाच्या दौलतीत राव रंभा निंबाळकरांसारखी मराठी सरदार घराणी होती. महसुलाच्या दप्तरांत मराठी कारकून होते. आमच्यापैकी कित्येकांचे पूर्वज त्या दिवशी विजयी छावणीत नव्हते, पराभूतांच्या छावणीत होते. म्हणूनच या विजयाचा शेवट काय झाला, हे पाहण्याचे कर्तव्य आम्हांस इतरांहून अधिक आहे.

आगीतून फुफाट्यात

विजयाचे फळ पुण्यास सहा-सात महिनेसुद्धा पुरले नाही. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव पेशवे शनिवारवाड्यात पडून मरण पावले आणि वारसाच्या भांडणात पुणे दरबार पोखरून निघाला. ज्या मुशीर-उल्-मुल्कास ओलीस धरले होते त्यांच्याशीच नाना फडणिसांना सलोखा करावा लागला; आणि १७९६ च्या महाडच्या करारात, खर्ड्यास जिंकलेले परत देण्याचे कबूल करावे लागले. दोन शेजाऱ्यांनी तेव्हा एकमेकांकडे पाहून शहाणपण धरले असते तर! परंतु तसे व्हावयाचे नव्हते.

निजामाच्या मनात इंग्रजांविषयी अढी बसली होती. प्रथम तो फ्रेंचांकडे वळला. रेमंडच्या पलटणी वाढून दहा हजारांच्या वर गेल्या. शहरातील मूसाराम बाग हे नाव याच मोसियो रेमंडवरून पडले, असे सांगतात. त्याची समाधी मलकपेठेपलीकडच्या टेकडीवर अद्याप आहे. मार्च १७९८ मध्ये रेमंड वारला. त्याच वर्षी कलकत्त्यास लॉर्ड वेलस्ली आले. शोअर यांनी जी हमी नाकारली होती, ती देण्यास हे नवे गृहस्थ अतिशय उत्सुक होते. फरक एवढाच की आता तिची किंमत ठरली होती.

१ सप्टेंबर १७९८ च्या तहाने निजामाने इंग्रजांच्या सहा पलटणी घेतल्या, त्यांसाठी दरसाल २४ लक्ष १७ हजार १०० रुपये देण्याचे ठरले आणि फ्रेंच अधिकाऱ्यांस निरोप देण्याचे कबूल केले. २२ ऑक्टोबर रोजी रेमंडच्या पलटणींस वेढा पडला व त्यांनी लढाई न करता शस्त्रे खाली ठेवली. पुढल्याच वर्षी टिपू पडला आणि म्हैसूरच्या मुलखाचा वाटा निजामास मिळाला. १२ ऑक्टोबर १८०० रोजी दुसरा तह झाला. पलटणी वाढल्या, खर्च वाढला, आणि तो कायमचा भागावा म्हणून १७९२ व १७९९ मध्ये टिपूकडून मिळालेला सर्व मुलूख निजामाने इंग्रजांस देऊन टाकला. बळ्ळारी, अनंतपूर, कडप्पा हा तो प्रदेश. तेलुगू लोक त्यास 'दत्तमंडल' म्हणत. दिलेला मुलूख म्हणवून घेणे मनास लागे, म्हणून १९२८ मध्ये 'रायलसीमा' हे नाव पुढे आले. शिवाय याच तहाने, इतर कोणत्याही सत्तेशी परस्पर बोलणी करण्याचा अधिकार निजामाने गमावला. पुण्याशी भांडणही इंग्रजांच्या मध्यस्थीने आणि पुण्याशी समेटही इंग्रजांच्याच मध्यस्थीने!

पुण्याने हे सर्व पाहिले होते. नाना फडणीस असेतो पुणे या फासात सापडले नाही. मार्च १८०० मध्ये नाना गेले. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरच्या लढाईत पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, बाजीराव पळाले, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसई येथे त्यांनी निजामासारखाच तह केला. पुढल्या सप्टेंबरात जालन्याजवळ असई येथे शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला तो निजामाच्या मुलखात. १८१८ मध्ये पेशवाई संपली. खर्ड्यास जो जिंकला तो तेवीस वर्षांत नाहीसा झाला. जो हरला तो दीडशे वर्षे टिकला, परंतु आपल्या घरात पाहुणा म्हणून.

व्याज कोणी भरले

आमच्या मते या कथेतील सर्वांत बोधप्रद भाग येथून पुढे आहे. तैनाती फौज हुसेनसागराच्या उत्तरेस राहिली व १८०६ मध्ये तिच्या छावणीस सिकंदर जाहांच्या नावावरून सिकंदराबाद हे नाव मिळाले. राज्यातील बंदोबस्तासाठी ही फौज सहजी उपलब्ध होईना. म्हणून आणखी एक फौज, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची, निजामाच्या पगाराची, अशी उभी राहिली. तीच पुढे हैदराबाद कंटिंजंट या नावाने प्रसिद्ध झाली. कोणत्याही तहात तिचा स्पष्ट उल्लेख नव्हता. बोलारम, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपले अंबाजोगाई, औरंगाबाद अशा ठिकाणी तिच्या छावण्या पडल्या. तिच्या खर्चापायी दौलत कर्जात बुडाली. प्रथम पामर नावाच्या पेढीचे भारी व्याजाचे कर्ज झाले, आणि नंतर खुद्द कंपनीचे.

मे १८५३ मध्ये लॉर्ड डलहौसींनी सुमारे अर्ध्या कोटीच्या येण्यासाठी आणि या फौजेच्या पुढील खर्चासाठी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव हे प्रांत आपल्या कारभाराखाली घेतले. मित्राने मित्राच्या रक्षणाकरिता मित्राची जमीन गहाण घेतली, हे या व्यवहाराचे सरळ मराठी वर्णन होय. १८५७ च्या धामधुमीत दिवाण सालारजंग इंग्रजांशी एकनिष्ठ राहिले. तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी १७ जुलै रोजी याच कोठीवर चाल केली, ती मोडून काढण्यात आली. या निष्ठेचे बक्षीस म्हणून १८६० मध्ये रायचूर व धाराशिव परत मिळाले, कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र राहिले ते राहिलेच. सालारजंग १८७६ मध्ये विलायतेस गेले, तरी वऱ्हाड सुटले नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी ते दरसाल २५ लक्षांच्या खंडाने कायमचे घेतले. त्या सुमारास निजाम महबूब अली खान यांस 'जी. सी. बी.' हा किताब मिळाला, तेव्हा लोकांनी त्या अक्षरांचा विस्तार 'गेव्ह कर्झन बेरार' असा केला. हसावे की रडावे, असा हा विनोद!

अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ येथे आमच्यापैकी अनेकांचे सोयरे आहेत. गहाण पडला तो त्यांचा मुलूख. त्या जमिनींचा सारा भरणाऱ्या मराठी कुणब्यास १८५३ मध्ये कोणी विचारले नाही आणि १९०२ मध्येही नाही. संरक्षणाची बोलणी दरबारात होतात, त्याचे व्याज मात्र बांधावर भरले जाते.

शेवट सर्वांस ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धात केलेल्या साहाय्याबद्दल १९१८ मध्ये मीर उस्मान अली खान यांस 'ब्रिटिश सरकारचे एकनिष्ठ दोस्त' ही पदवी मिळाली. या दोस्ताने समान नात्याने वऱ्हाड परत मागितले, तेव्हा मार्च १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंग यांनी कळविले की सार्वभौम सत्तेशी बरोबरीच्या नात्याने बोलण्याचा अधिकार कोणत्याही संस्थानिकास नाही. १५ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्रज गेले आणि जाताना सर्व तह लोपल्याचे सांगून गेले. निजामाच्या राज्याचा कारभार कसा होता आणि त्याविरुद्ध आमच्याच माणसांनी कसा लढा दिला, हे येथे नव्याने सांगावयास नको. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने लोक मुक्त झाले, याचा आनंद आम्हांस आजही आहे. येथे मुद्दा एवढाच की दीडशे वर्षे भरलेल्या हप्त्यांची किंमत निकडीच्या दिवशी शून्य ठरली. १७९५ मध्ये शोअर यांनी जे उत्तर दिले, तेच १९४७ मध्ये पुन्हा मिळाले.

वॉशिंग्टनचा तह

आता पश्चिमेकडे वळू. मार्च १९४७ पासून दिल्लीस लॉर्ड माउंटबॅटन यांचे मुख्य सहायक म्हणून काम पाहणारे लॉर्ड इस्मे जन्माने नैनितालचे. हेच गृहस्थ १९५२ मध्ये नाटो या संघटनेचे पहिले सरचिटणीस झाले. एक करारमालिका गुंडाळली जात असताना जे जवळ उभे होते, त्यांनीच दुसरीची घडी बसविली, हा योगायोग आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो.

नाटोचा तह ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टन येथे बारा राष्ट्रांनी केला. मार्च २०२४ मध्ये स्वीडन आल्यावर ही संख्या बत्तीस झाली. त्यातील पाचवे कलम सांगते की एकावरील हल्ला तो सर्वांवरील हल्ला. परंतु तेच कलम पुढे असेही सांगते की साहाय्य म्हणून प्रत्येक राष्ट्राने स्वतःस आवश्यक वाटेल ती कृती करावी. म्हणजे शोअर साहेबांसारखा वाचक येथेही संभवतो. आजवर हे कलम एकदाच अमलात आले, सप्टेंबर २००१ मध्ये, आणि तेही अमेरिकेच्या बाजूने. अफगाणिस्तानात डेन्मार्कसारख्या लहान देशाचेही सैनिक कामी आले. त्याच डेन्मार्कच्या राज्यातील ग्रीनलंड आपणांस हवे, असे अमेरिकेच्या अध्यक्षांनी २०२५ मध्ये उघडपणे म्हटले. तत्पूर्वी २०२४ च्या प्रचारात, जे देश आपला वाटा खर्च करीत नाहीत त्यांचे रक्षण आपण करणार नाही, असेही ते म्हणाले होते. जून २०२५ मध्ये हेग येथे सदस्यांनी २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाचा पाच टक्के भाग संरक्षण आणि तत्संबंधी कामांवर खर्च करण्याचे ठरविले. त्यातील साडेतीन टक्के प्रत्यक्ष संरक्षणावर.

ही कुरबूर नवी आहे असेही नव्हे. १९५६ मध्ये सुएझच्या प्रकरणात अमेरिकेच्या दडपणाने ब्रिटन आणि फ्रान्स यांस माघार घ्यावी लागली. १९६६ मध्ये जनरल द गॉल यांनी फ्रेंच फौजा नाटोच्या एकत्रित हुकमतीतून काढून घेतल्या. त्या व्यवस्थेत फ्रान्स पूर्णपणे परतले ते २००९ मध्ये. युती मोडली नाही, परंतु मित्राच्या शब्दावर विसंबून आपले शस्त्र बोथट होऊ द्यावयाचे नाही, हा धडा फ्रान्सने तेव्हाच घेतला.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. युरोपची राष्ट्रे म्हणजे निजाम नव्हेत आणि नाटो म्हणजे तैनाती फौज नव्हे. ती राष्ट्रे आपल्या इच्छेने आली आहेत, त्यांची स्वतःची सैन्ये आहेत, त्यांच्या लोकांस मताचा अधिकार आहे, आणि तहाच्या तेराव्या कलमानुसार एक वर्षाची सूचना देऊन त्यांना बाहेर पडता येते. निजामास हे काहीच शक्य नव्हते. अमेरिकेची तक्रारही सर्वस्वी खोटी नाही. दुसऱ्याच्या तलवारीखाली निर्धास्त झोपून आपला पैसा इतर सुखांवर खर्चिणे, हे मित्रास कधी ना कधी खटकतेच. तथापि मूळ प्रश्न तोच राहतो. रक्षणकर्ता बदलतो, त्याचे मन बदलते, त्याच्या गादीवर कॉर्नवॉलिस जाऊन शोअर येतो आणि शोअर जाऊन वेलस्ली येतो. तहाचा कागद तोच असतो, वाचणारा निराळा.

मुलांनी आम्हांस विचारलेल्या प्रश्नास आमचे उत्तर म्हणून तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, करारात जे लिहिलेले नाही ते मित्राच्या मनात आहे असे धरून चालू नये. दुसरी, मित्राचे बळ घ्यावे ते आपल्या बळाच्या जोडीस, आपल्या बळाच्या जागी नव्हे. रेमंडच्या पलटणी मोडल्या त्या दिवशी निजामाची 'नाही' म्हणण्याची शक्ती संपली. आणि तिसरी, जी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही की, दूरच्या बलवंताशी दोस्ती करण्यापूर्वी जवळच्या शेजाऱ्याशी हिशेब मिटवावा. युरोपच्या राष्ट्रांस परस्परांशी मिळून उभे राहण्याची संधी आज तरी आहे. पुणे आणि हैदराबाद यांनी ती गमावली. चौथाईच्या बाकीवर दोघे भांडले, आणि ती बाकी शेवटी दोघांसही मिळाली नाही.

कोठीच्या त्या पायऱ्यांवर आज मुली वह्या-पुस्तके घेऊन बसतात. ज्या दालनात रेसिडेंटचा दरबार भरे, तेथे आमच्या लेकी-सुना शिकल्या. निजामाने भरलेल्या व्याजातील एवढीच रक्कम काय ती या शहरास परत मिळाली. या मुलींपैकी एखादी इतिहासाच्या तासाला खर्ड्याचा धडा वाचीत असेल, तर तिच्या घरच्यांनी तिला जिंकणाऱ्याचे नाव जरूर सांगावे. त्यासोबत वऱ्हाडच्या गहाणखताची गोष्टही सांगावी.